विद्यापीठांतला ज्यूद्वेष आणि शैक्षणिक स्वातंत्र्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकणारी मराठी मुलं आणि त्यांचे आईवडील २०२३ पासून हे प्रश्न सतत विचारत आहेत. उत्तरं मुख्यतः अमेरिकी विद्यापीठांविषयी आहेत. गरज पडली तिथे ब्रिटन-जर्मनीचाही उल्लेख येईल. माझी भूमिका आधीच सांगते. ज्यू विद्यार्थ्याला वर्गात, वसतिगृहात, ग्रंथालयात निर्धास्तपणे वावरता आलं पाहिजे. प्राध्यापकाला इस्रायलचा इतिहास, झायोनिझम (ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र असावं ही चळवळ), नकबा (१९४८ मध्ये पॅलेस्टिनींचं झालेलं विस्थापन) हे सगळं न घाबरता शिकवता आलं पाहिजे. एक हवं तर दुसरं सोडा, असं कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

हा वाद एवढा पेटला कधी?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला करून सुमारे १२०० माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार, मृत पॅलेस्टिनींचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला. या दोन्ही दुःखांचे वारस अमेरिकी विद्यापीठांत एकाच वर्गात बसतात. त्यामुळे निदर्शनं होणारच होती.

५ डिसेंबर २०२३ रोजी हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि एमआयटी यांच्या अध्यक्षांना अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला बोलावलं गेलं आणि प्रकरण देशभर पोचलं. पेनच्या लिझ मॅगिल यांनी चारच दिवसांत राजीनामा दिला. हार्वर्डच्या क्लॉडीन गे २ जानेवारी २०२४ रोजी पायउतार झाल्या. त्यांच्यावर वाङ्मयचौर्याचेही आरोप होते. १७ एप्रिल २०२४ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवर पॅलेस्टाइन-समर्थक निदर्शकांनी तंबू ठोकले, दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी शंभरहून अधिक जणांना अटक केली आणि तंबूंचं लोण देशभर पसरलं.

विद्यापीठांत खरंच ज्यूद्वेष आहे, की नुसता राजकीय गाजावाजा?

आहे, आणि तो जुना आहे. १९२२ मध्ये हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण एक पंचमांशाच्या वर गेलं, तेव्हा अध्यक्ष लोवेल यांनी त्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला. उघड कोटा प्राध्यापकांनी फेटाळला. मग प्रवेशाच्या अर्जात फोटो, ‘चारित्र्य’, राहण्याचा प्रदेश असे निकष आले आणि ज्यूंची संख्या गुपचूप खाली आणली गेली. युरोपात याहून वाईट होतं. ७ एप्रिल १९३३ च्या नाझी कायद्याने ज्यू प्राध्यापकांना सरकारी विद्यापीठांतून काढून टाकलं. पुढच्याच महिन्यात, १० मे रोजी, बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली, आणि ती पेटवण्यात विद्यार्थी संघटना पुढे होती. पोलंडमध्ये १९३७ च्या सुमाराला ज्यू विद्यार्थ्यांना वर्गात वेगळ्या बाकांवर बसवलं जायचं.

अलीकडचं सांगायचं तर ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारातून गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी मशाली घेऊन ‘ज्यू आमची जागा घेणार नाहीत’ अशा घोषणा देत मोर्चा काढला होता. त्याचा पॅलेस्टाइनशी काहीही संबंध नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॉर्नेलच्या एका विद्यार्थ्याने ज्यू विद्यार्थ्यांना ठार मारण्याच्या धमक्या ऑनलाइन टाकल्या आणि त्याबद्दल त्याला २१ महिन्यांची कैद झाली. हार्वर्डने स्वतः नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये आला. त्यात ज्यू आणि इस्रायली विद्यार्थ्यांना वाळीत टाकल्याच्या, ओळख लपवून राहावं लागल्याच्या तक्रारी पानोपानी आहेत. त्याच दिवशी दुसऱ्या समितीचा अहवाल आला, तो मुस्लिम, अरब आणि पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांविषयीचा. तोही तितकाच अस्वस्थ करतो. लोक यातला एकच अहवाल वाचतात आणि दुसरा नसल्यासारखं बोलतात.

इस्रायलवर टीका केली म्हणजे ज्यूद्वेष झाला का?

नाही. एखाद्या सरकारचं धोरण, युद्ध, वसाहती, कायदे यांवर कडक टीका करणं हा राजकारणाचा भाग आहे, आणि इस्रायलमधले लोक ती रोज करतात. पण टीकेच्या आडून ज्यूद्वेष येऊच शकत नाही, असंही नाही. पैशाने जग चालवणारा, माध्यमं मुठीत ठेवणारा, रक्तपिपासू ज्यू ही शेकडो वर्षांची चित्रं आहेत. त्यातला ‘ज्यू’ शब्द काढून ‘झायोनिस्ट’ घातला, की चित्र तेच राहतं. आणि न्यू जर्सीच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या गळ्यात डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचं सहा टोकांचं चिन्ह, दिसला म्हणून तिला गाझाचा जाब विचारायचा, हा तर सरळ द्वेष आहे. ती इस्रायलची नागरिकही नसते.

खरी कठीण जागा मधली आहे. इस्रायल हे ज्यू राष्ट्र म्हणून असूच नये, सर्वांना समान नागरिकत्व देणारं एकच राज्य असावं, हे म्हणणं ज्यूद्वेष आहे का? बऱ्याच ज्यूंना ते आपल्या अस्तित्वावरचं संकट वाटतं, आणि २० व्या शतकात त्यांनी जे भोगलं ते पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. पॅलेस्टिनी कुटुंबातल्या मुलाला मात्र तेच म्हणणं आपल्या आजोबांच्या १९४८ मध्ये गेलेल्या घराबद्दलचं वाटतं. माझ्या मते हे मत वर्गात मांडता आलं पाहिजे, खोडता आलं पाहिजे आणि मांडणाऱ्याला त्याची किंमत नोकरीने मोजावी लागता कामा नये.

‘आयएचआरए व्याख्या’ म्हणजे काय? तिच्यावरून एवढं भांडण का?

आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा वंशसंहार) स्मृती संघटनेने, म्हणजे आयएचआरएने, २६ मे २०१६ रोजी बुखारेस्टमध्ये ज्यूद्वेषाची कामचलाऊ व्याख्या स्वीकारली. ती कायद्याने बंधनकारक नाही, असं तिच्यातच लिहिलंय. मूळ व्याख्या दोनच वाक्यांची आणि बरीच मोघम आहे. सगळा वाद तिच्यासोबत दिलेल्या ११ उदाहरणांवर आहे, कारण त्यांतली सात इस्रायलशी संबंधित आहेत. इस्रायलच्या कृत्यांसाठी सगळ्या ज्यूंना जबाबदार धरणं हे एक उदाहरण आहे आणि त्यावर कोणाचं फारसं दुमत नाही. पण इस्रायल राष्ट्राची कल्पनाच वंशवादी आहे असं म्हणणं, किंवा इस्रायलच्या आजच्या धोरणाची नाझींशी तुलना करणं, हीही उदाहरणांत आहेत. इतर कुठल्याही देशावर होते तशी टीका ज्यूद्वेष ठरत नाही, असं त्यात नमूद आहे हे खरं. तरी शिस्तभंगाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात ही यादी पडली, की तो उदाहरणाशी वाक्य ताडून पाहणार.

या व्याख्येचा २००५ मधला पूर्वीचा मसुदा करण्यात केनेथ स्टर्न यांचा मुख्य वाटा होता. ते स्वतः झायोनिस्ट आहेत. घटनांची नोंद ठेवणाऱ्यांना, आकडेवारी जमवणाऱ्यांना सोयीचं व्हावं म्हणून हा मजकूर केला होता आणि विद्यापीठांत बोलण्यावर बंधन घालायला तो वापरू नये, असं ते गेली अनेक वर्षं काँग्रेसपुढे आणि लेखांतून सांगत आले आहेत. २०२१ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासकांनी ‘जेरुसलेम जाहीरनामा’ काढून पर्यायी व्याख्या दिली. तिच्यात इस्रायलवरच्या बहिष्काराची हाक ही आपोआप ज्यूद्वेष ठरत नाही. दुसऱ्या बाजूला अनेक ज्यू संघटनांचं म्हणणं असं, की इतर प्रत्येक गटाच्या बाबतीत त्या गटाला काय बोचतं हे आपण ऐकून घेतो, मग ज्यूंच्या वेळीच एवढा काथ्याकूट का? हा प्रश्न मला टाळता येत नाही. पण त्यावरचा उपाय म्हणून मतांची यादी करणं मला धोक्याचं वाटतं.

धोका कसा असतो, ते कोलंबियात दिसलं. विद्यापीठाने जुलै २०२५ मध्ये ही व्याख्या शिस्तीच्या कामात स्वीकारली. आधुनिक मध्यपूर्वेचे इतिहासकार रशीद खालिदी यांनी पुढच्या सत्रात शिकवायचा अभ्यासक्रम मागे घेतला. वंशसंहाराच्या अभ्यासक मरियान हिर्श, ज्यांचे आईवडील होलोकॉस्टमधून वाचले होते, त्यांनी उघडपणे विचारलं, की विचारवंत हाना आरेंटचं लेखन मी आता वर्गात कशी शिकवू? आरेंट ज्यू होत्या, नाझी जर्मनीतून पळाल्या होत्या आणि इस्रायलच्या स्थापनेवर त्यांनी बोचरी टीका केली होती. ज्यूद्वेषाविरुद्धच्या नियमामुळे आरेंट शिकवायची चोरी व्हावी, हे मला फार जिव्हारी लागलं.

शैक्षणिक स्वातंत्र्य आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य एकच ना?

नाही, आणि ही गल्लत बातम्यांतही होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला आहे. अमेरिकेत पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, म्हणून ती सरकारी विद्यापीठांना लागू होते, हार्वर्ड किंवा कोलंबियासारख्या खासगी विद्यापीठांना थेट लागू होत नाही. शैक्षणिक स्वातंत्र्य हा अध्यापन-संशोधनाच्या पेशाचा हक्क आहे. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेने, एएयूपीने, १९१५ मध्ये आणि पुढे १९४० मध्ये तो शब्दांत मांडला. संशोधन, अध्यापन आणि नागरिक म्हणून बाहेर बोलणं, ही त्याची तीन अंगं. त्याला जबाबदारीही जोडलेली आहे. रसायनशास्त्राच्या तासाला गाझावर भाषण ठोकणं हे शैक्षणिक स्वातंत्र्य नाही. होलोकॉस्ट झालाच नाही असं इतिहासाच्या वर्गात शिकवणं हेही नाही, कारण ते ज्ञानशाखेच्या कसोटीवर टिकतच नाही.

विद्यार्थ्यालाही शिकण्याचं स्वातंत्र्य आहे. २१ जानेवारी २०२५ रोजी, सत्राच्या पहिल्याच दिवशी, कोलंबियात आधुनिक इस्रायलच्या इतिहासाचा तास चालू असताना चेहरे झाकलेले निदर्शक आत घुसले आणि त्यांनी पत्रकं वाटली. एका पत्रकावर डेव्हिडचा तारा चिरडणारा बूट होता. इस्रायली प्राध्यापक शिकवतोय, मुलं लिहून घेताहेत आणि तास बंद पाडला जातोय. शैक्षणिक स्वातंत्र्याचा बळी म्हटलं की डोळ्यापुढे पॅलेस्टिनी बाजूचा प्राध्यापक येतो. हा तासही त्याच यादीत आहे.

‘ते संदर्भावर अवलंबून आहे’ हे त्या तीन अध्यक्षांचं उत्तर चूक होतं का?

प्रतिनिधी एलिस स्टेफानिक यांचा प्रश्न होता, ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या आचारसंहितेचा भंग आहे की नाही. कायद्याच्या अंगाने पाहिलं तर उत्तर बरोबर होतं. अमेरिकी कायद्यात घृणास्पद बोलण्यालाही संरक्षण आहे. ते धमकी, छळ किंवा तत्काळ हिंसेची चिथावणी ठरतं की नाही, हे कोणाला, कुठे, कसं म्हटलं यावरच ठरतं. पण याच विद्यापीठांनी आधीची काही वर्षं इतर गटांना दुखावणाऱ्या किरकोळ शब्दांवरही तत्परतेने पत्रकं काढली होती, व्याख्यानं रद्द केली होती. ज्यू विद्यार्थ्यांच्या वेळी त्यांना अचानक घटनादुरुस्ती आठवली. लोक चिडले ते या दुजाभावावर, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मग बोलणं कुठे संपतं आणि छळ कुठे सुरू होतो?

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण, ज्याला तिथे सगळे ‘टायटल सिक्स’ म्हणतात, सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना वंश, रंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. त्यात धर्माचा उल्लेख नाही. समान वंशपरंपरा असलेला गट म्हणून ज्यूंना, तसंच शीख-मुस्लिमांना, त्याचं संरक्षण मिळतं. छळ इतका तीव्र, सर्वव्यापी आणि कोणालाही आक्षेपार्ह वाटेल असा हवा, की त्यामुळे शिक्षणच हातचं जावं, आणि संस्थेने माहीत असून डोळेझाक केलेली हवी.

न्यूयॉर्कच्या कूपर युनियन कॉलेजचं प्रकरण ही रेघ स्पष्ट दाखवतं. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी काही ज्यू विद्यार्थी तिथल्या ग्रंथालयात होते. दारं बंद होती आणि बाहेर निदर्शक दारं-काचा बडवत घोषणा देत होते. पुढे खटला झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं, की फलक, पत्रकं, घोषणा यांतलं बरंच काही संरक्षित अभिव्यक्ती आहे, त्यावरून संस्थेला धरता येणार नाही. मात्र ग्रंथालयात अडकलेल्यांना बाहेरून धमकावणं, आणि संस्थेने बघत बसणं, यावर खटला चालू शकतो.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात तंबूवाल्या निदर्शकांनी आवाराचा काही भाग अडवला आणि इस्रायलला पाठिंबा असणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांना तिथून जाऊ दिलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने मनाई हुकूम काढला. ३० एप्रिल २०२४ च्या रात्री त्याच तंबूंवर बाहेरच्या जमावाने तासन्‌तास हल्ला केला, फटाके फेकले, माणसं मारली, आणि पोलिस उशिरा मध्ये पडले. वाट अडवणं आणि मारहाण करणं, दोन्हीकडे कोणाचं मत काय होतं हे विचारायची गरजच पडत नाही.

प्राध्यापकांच्या नोकऱ्या खरंच गेल्या का?

गेल्या. २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने स्टीव्हन सलाइता यांना गाझाविषयीच्या ट्वीटमुळे देऊ केलेली जागा काढून घेतली. पुढे तडजोडीत ८ लाख ७५ हजार डॉलर मोजले. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या म्युलेनबर्ग कॉलेजने कायम नेमणूक असलेल्या एका प्राध्यापिकेला झायोनिस्टांविषयीची एक जहाल पोस्ट शेअर केल्यावरून काढलं. ती स्वतः ज्यू आहे. जर्मनीत कोलोन विद्यापीठाने अमेरिकी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांना दिलेलं मानाचं पाहुणं प्राध्यापकपद पॅलेस्टाइनला पाठिंबा देणाऱ्या एका निवेदनावरच्या सहीमुळे रद्द केलं. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने डेव्हिड मिलर यांना २०२१ मध्ये बडतर्फ केलं. २०२४ मध्ये त्यांच्याच खटल्यात न्यायाधिकरणाने झायोनिझमविरोध ही संरक्षित तात्त्विक धारणा ठरवली. मिलर यांनी विद्यापीठाच्या ज्यू विद्यार्थी संघटनेबद्दल केलेली विधानं मला वाईटच वाटतात, हेही सांगून ठेवते.

सरकारने निधी रोखल्यामुळे ज्यू विद्यार्थ्यांचं भलं झालं का?

माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने कोलंबियाचा ४० कोटी डॉलरचा निधी रद्द केला. मागण्यांत मध्यपूर्व, दक्षिण आशिया आणि आफ्रिका अभ्यास विभाग प्राध्यापकांच्या हातातून काढून बाहेरच्या देखरेखीखाली द्या, अशीही एक होती. जुलैमध्ये विद्यापीठाने तीन वर्षांत २० कोटी डॉलर आणि वर २ कोटी १० लाख भरायचं कबूल केलं. हार्वर्डने एप्रिलमध्ये अशाच मागण्यांना नकार दिला, तेव्हा २२० कोटी डॉलर गोठवले गेले. थांबलेल्या कामांत क्षयरोगावरचं मोठं संशोधन होतं. क्षयरोगाच्या प्रयोगशाळेचा आणि ज्यूद्वेषाचा काय संबंध?

३ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी हार्वर्डची ही कपात बेकायदेशीर ठरवली. ज्यूद्वेषाचा वापर धुराच्या पडद्यासारखा केला गेला, असं त्यांनी लिहिलं. त्याच निकालात हार्वर्डने ज्यू विद्यार्थ्यांसाठी अधिक करायला हवं होतं, हेही बजावलं. अनेक ज्यू प्राध्यापकांना वेगळीच काळजी आहे: प्रयोगशाळा बंद पडल्या, नोकऱ्या गेल्या, तर लोक दोष कोणाला देणार? ‘ज्यूंमुळे झालं’ असंच म्हणणार.

आमची मुलगी एफ-१ व्हिसावर जाणार आहे. तिने गप्प बसावं का?

हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. कायद्याने परदेशी विद्यार्थ्यालाही बोलण्याचं संरक्षण आहे. ३० सप्टेंबर २०२५ रोजी बोस्टनचे न्यायाधीश विल्यम यंग यांनी तसा खणखणीत निकाल दिला. पण त्याआधी काय झालं, ते पाहा. टफ्ट्स विद्यापीठातल्या तुर्की संशोधक विद्यार्थिनीला चेहरा झाकलेल्या साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून उचललं आणि लुइझियानात सहा आठवडे डांबलं. तिने इतर तिघांबरोबर विद्यार्थी वृत्तपत्रात एक लेख लिहिला होता. जॉर्जटाउनमधला भारतीय संशोधक मार्च ते मे २०२५ कोठडीत होता. कोलंबियातली एक भारतीय पीएचडी विद्यार्थिनी व्हिसा रद्द झाल्यावर कॅनडाला निघून गेली. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती खुली ठेवावी लागतात.

म्हणून ‘बिनधास्त बोल’ असं मी कोणाच्या लेकीला सांगणार नाही. तिने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून नियम समजून घ्यावेत, एका वकिलाचा फोन नंबर जवळ ठेवावा, आणि किती धोका पत्करायचा ते स्वतः ठरवावं. वर्गात प्रश्न मात्र विचारावेत. त्यासाठीच ती गेली आहे.

दिवाळीला दारात स्वस्तिक काढलं तर?

आपल्यासाठी शुभचिन्ह, पण ज्यूंच्या डोळ्यांना ती साठ लाख माणसांच्या कत्तलीची खूण दिसते. २०१५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात एका विद्यार्थ्याने भारतातून आणलेलं स्वस्तिक फलकावर लावलं आणि त्याच्यावर निलंबनाची पाळी आली. तो स्वतः ज्यू होता. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्यात हिंदू, बौद्ध, जैन स्वस्तिक आणि नाझींचं चिन्ह यांत फरक केला. तरीही रांगोळी काढण्याआधी खोलीतल्या सोबत्याला आणि शेजाऱ्यांना सांगा, जमलं तर करंजीही द्या. आपला हक्क आहे म्हणून न सांगता काढणं मला योग्य वाटत नाही.

आपल्याकडे ज्यूद्वेष कधी नव्हता. मग आपल्याला यातलं काय कळणार?

नव्हता, हे बऱ्याच अंशी खरं. कोकणात बेने इस्रायली हे ज्यू शेकडो वर्षं राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले, गावावरून पेणकर, नवगावकर झाले, मराठीत कीर्तनं केली. इस्रायलला गेलेल्यांनी तिथेही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. पण २६/११ ला नरिमन हाउसमध्ये माणसं ज्यू म्हणून मारली गेली, तीही आपल्याच मुंबईत. आणि हिटलरचं आत्मचरित्र पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर ‘नेतृत्व कसं करावं’ छापाच्या पुस्तकांशेजारी राजरोस विकलं जातं. २००६ मध्ये नवी मुंबईत त्याच्या नावाचं उपाहारगृह निघालं होतं. मुंबईतल्या ज्यूंनी विरोध केल्यावर नाव बदललं. ‘शिस्त लावायला हिटलरच हवा’ हे वाक्य आपल्या घरांत सहज बोललं जातं. अमेरिकेतल्या वसतिगृहात ते तोंडातून गेलं, तर समोरच्या मुलीच्या पणजीचं काय झालं होतं, हे आधी माहीत असायला हवं.

डोळ्यासमोर काही घडलं तर काय करायचं?

ज्याला त्रास होतोय, त्याच्याशेजारी जाऊन उभं राहा. नंतर तारीख, वेळ, ठिकाण आणि नेमके शब्द लिहून ठेवा. अंदाज लिहू नका. भिंतीवर काही खरडलं असेल तर पुसण्याआधी फोटो काढा. तक्रार विद्यापीठाच्या समान संधी किंवा टायटल सिक्स कार्यालयात करायची, धमकी किंवा मारहाण असेल तर पोलिसांत. त्रास झालेली व्यक्ती तक्रार करायला तयार नसेल, तर आधी तिला विचारा. आणि प्राध्यापकाच्या व्याख्यानातलं एखादं वाक्य खटकलं, तर मोबाइलवरची दहा सेकंदांची चित्रफीत बाहेर टाकण्याआधी त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन विचारा, की तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं.